माळावरची तळी आणि आपली सहल



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून एका परिचितांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत सहल कशी काय शिरली?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया लागतात, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांचा तोटा नाही. १८०३ च्या सप्टेंबरात कर्नल स्टीव्हन्सननं जालना घेतलं आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला भोकरदनच्या पलीकडे असईला इंग्रज आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. त्यावर बोललो असतो तर कोणी काही विचारलं नसतं.

मला मात्र आज एका फार साध्या गोष्टीवर बोलायचंय. जालन्याचा माणूस सुटीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन पाण्याकाठी जातो. कोणी मोती तलावावर, कोणी घाणेवाडीला, गाडी असेल तर पैठणला नाथसागरावर. श्रावणात एखादा पाझर तलाव भरला की मोटारसायकलींची रांग लागते. हे जाणं कधी सुरू झालं? आणि ज्या पाण्याकाठी आपण बसतो ते पाणी तिथं आलं कुठून? या दोन प्रश्नांचा आपल्या गावाच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे असं माझं म्हणणं आहे. ते तुम्हाला पटतं का बघा.

आधी जमिनीबद्दल. आपला मुलूख म्हणजे माळ. नदीकाठाला काळी माती आहे, खोल आहे, पण जरा वर चढलात की मातीचा थर वीतभर, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. कुसळी गवत, बोरी, तरवड, कुठे एखादं लिंब. वर्षाकाठी पाऊस साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि खरं मोजलं तर चाळीस-पन्नास दिवसांत. अशा जमिनीवर पाणी आपणहून थांबत नाही. ओढ्यानं येतं, ओढ्यानं जातं. कुंडलिकेत जातं, कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सोडून द्या, ते आकाशातून पडलेल्या अशनीनं खणलं. बाकी आपल्याकडचं प्रत्येक तळं माणसानं केलेलं आहे. नकाशावर किंवा फोनवर वरून बघा. तीन बाजूंना काठ वेडावाकडा असतो आणि चौथ्या बाजूला सरळ रेघ असते. ती रेघ म्हणजे भराव, आणि आपण सहलीला जाऊन बसतो ते बहुधा त्या रेघेवरच.

म्हणजे आपल्याकडे "निसर्गाच्या सान्निध्यात" म्हणून आपण जिथं जातो ते ठिकाण कुणाच्या तरी कष्टाचं असतं. हे ध्यानात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

तसं बाहेर पडणं आपल्या संस्कृतीत नवं नाही. तेराव्या शतकातलं लीळाचरित्र चाळलंत तर चक्रधरस्वामींच्या रोजच्या फिरण्याला तिथं एक शब्द येतो, "विहरण". कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायचं, त्याला आवळीभोजन म्हणत आलो. हिवाळ्यात हुरडा तर आहेच. पण या सगळ्यात झाड आहे, शेत आहे, देऊळ आहे. नुसतं पाणी बघायला जाणं जरा वेगळं. त्यासाठी आधी पाणी साठवणारा कोणीतरी लागतो.

आपल्या गावात तो पहिला माणूस म्हणून जमशेदखानाचं नाव घेतलं जातं. मलिक अंबराच्या काळातला हा इथला अधिकारी. काळी मशीद, हमामखाना, सराई ही कामं त्याच्या नावावर सांगतात, आणि मोती तलावही त्याचाच. औरंगाबाद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात, म्हणजे १८८४ च्या, आणि नंतरच्या गॅझेटिअरांत ही हकीकत येते. तलावातून जमिनीखालून नळ काढून पाणी गावातल्या हौदांत आणलं होतं आणि सगळ्यांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. भरभराटीच्या दिवसांत गावात पाच तळी होती असंही लिहिलंय. पाच! आज आपल्याला मोजायला सांगितलं तर एका बोटावर थांबावं लागतं.

हौद सराईच्या चौकात का, हे जरा बघा. सराई म्हणजे वाटसरूंचा मुक्काम. बैलांचे तांडे, व्यापारी, यात्रेकरू. उन्हातान्हातून माळ तुडवत आलेल्या माणसाला चौकात भरलेला हौद दिसावा. त्यात तहान भागते, हातपाय धुतले जातात, आणि संध्याकाळी त्याच्या कठड्यावर गप्पा रंगतात. त्या काळात पिण्याचं पाणी आणि विसाव्याचं पाणी यात फरक केलेला नव्हता. औरंगाबादची पाणचक्की बघा, तिथंही तेच. दुरून खापरी नळानं पाणी आणलं, त्यावर जातं फिरवलं, हौद भरला, आणि हौदाकाठी वडाच्या सावलीत माणसं टेकली. आजही तिकीट काढून टेकतात.

मग काय झालं? गॅझेटिअरवाल्यांनी मोती तलावाच्या नळांबद्दल पुढं एक छोटं वाक्य लिहून ठेवलंय, की ही पाण्याची व्यवस्था आता बिघडलेली आहे. बिघडली कशी, कोणी बघितलं नाही, यावर अवाक्षर नाही. सरकारी कागदात दु:ख असंच एका ओळीत असतं. नळ बुजले, हौद कोरडे पडले, तलाव तेवढा राहिला. हळूहळू तो पिण्याचा तलाव न राहता बघण्याचा तलाव झाला. कडेला मोतीबाग झाली, लोक फिरायला येऊ लागले, गणपतीचं विसर्जन तिथं होऊ लागलं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या लहानपणाच्या आठवणी त्या काठावरच्या आहेत, माझ्याही आहेत. पण एक बघा, तलावाशी गावाचं जे नातं होतं ते घशाचं होतं, ते सुटलं आणि नुसतं डोळ्याचं राहिलं. घसा फार कडक पहारेकरी असतो. पाण्याला वास आला तर घशाला त्याच दिवशी कळतं. डोळ्याला काही वर्षं लागतात.

या सगळ्यात छावणीचाही काळ येऊन गेला. १८२७ मध्ये जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी बसली आणि १९०३ मध्ये उठली. पाऊणशे वर्षं साहेबलोक इथं होते. त्यांच्याबरोबर मोकळ्या हवेत मुद्दाम वेळ घालवण्याची एक वेगळी रीत आली, घोड्यावरचा फेरफटका, शिकार, डबा घेऊन बाहेर जेवणं. "पिकनिक" हा शब्द आपल्याकडे त्यांच्याचकडून आला. १९०० च्या सुमारास मनमाडवरून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यातून गेली आणि गाव पुन्हा वाढू लागलं. वाढलं ते मुख्यतः नदीच्या या बाजूला, म्हणजे आपण बसलोय त्या नवीन जालन्यात, जुन्या कागदांतल्या कादराबादच्या भोवतीनं. सरकी काढण्याचे कारखाने, आडत, बाजारपेठ. माणसं वाढली की पाणी लागतं. तिथून आपण घाणेवाडीला येतो.

घाणेवाडीचा जलाशय निजामी राजवटीतला. हैदराबाद संस्थानानं त्या काळात पाण्याची जी कामं केली त्यांच्या मागं एक मोठा धक्का होता. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहरात हजारो माणसं गेली. मग विश्वेश्वरय्यांना बोलावलं, त्यांनी सुचवलं की शहराच्या वर नदी अडवा. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजे गंडीपेट, आणि त्यानंतर काही वर्षांत हिमायतसागर उभा राहिला. पूर अडवायचा आणि तेच पाणी शहराला पाजायचं. आणि लगेच, बरं का, गंडीपेटच्या काठावर निजामाचा सागरमहाल उभा राहिला, बाग झाली, हैदराबादी कुटुंबं डबे घेऊन तिथं जाऊ लागली. गंडीपेटचं पाणी जो प्याला तो हैदराबाद सोडत नाही, असं तिकडे म्हणतात. पाहा, सहलीच्या ठिकाणाचं कौतुक करताना सुद्धा ते पाण्याच्या चवीचं कौतुक करतात.

आमच्या घाणेवाडीला महाल नव्हता. पण अक्कल तीच होती. शहराच्या वरच्या अंगाला कुंडलिका अडवली, आणि जमिनीचा उतार असा धरला की पाणी आपल्या वजनानं गावापर्यंत यावं. पंप नाही, इंजिन नाही, विजेचं बिल नाही. नवीन जालन्याच्या घराघरांत ते पाणी पिढ्यान्पिढ्या आलं. पुढे जलाशयाला संत गाडगेबाबांचं नाव दिलं. हातात खराटा घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसाचं नाव पाण्याला देणं मला फार योग्य वाटतं. निदान पाटी वाचून तरी काठावर पत्रावळी टाकताना हात थबकावा.

आमच्या शाळेची सहल घाणेवाडीला जायची. मोठी सहल दौलताबाद-वेरूळ, तिला पैसे लागायचे. छोटी सहल घाणेवाडी, तिला पैसे लागत नसत. सकाळी रांगेत चालत निघायचं, कापडात बांधलेली भाकरी, ठेचा, कांदा. भरावावर चढलं की गार वारा अंगावर यायचा. आमचे गुरुजी पाण्यात उतरू देत नसत. एक पोरगा पाय बुडवायला गेला तर त्याला ओढून म्हणाले, "आरे, उद्या तुझी आई हेच पाणी माठात भरणार हाये." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आजच्या व्याख्यानाचा सगळा मुद्दा गुरुजींनी एका ओळीत सांगून टाकला होता, मी उगाच तासभर घेतोय.

बरं, आता एक उडी मारतो, थेट विलायतेला. कारण गुरुजींनी जे त्या पोराला सांगितलं तेच वाक्य तिकडे हजारो लोकांना सांगितलं गेलं, आणि तिथं लोकांनी ते ऐकलं नाही.

इंग्लंडच्या उत्तर भागात उंच, उघडे माळ आहेत. ते लोक त्याला मूर म्हणतात. आपल्या माळासारखं झाड कमी, वारा फार, पण तिकडे पाऊस भरपूर, त्यामुळे जमीन दलदलीची. मँचेस्टर, शेफिल्ड ही गिरण्यांची आणि पोलादाची शहरं या माळांच्या पायथ्याशी. गिरण्या वाढल्या, पटकी आणि विषमज्वर वाढला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात या माळांच्या खोऱ्यांत एकामागून एक जलाशय बांधले. आणि माळ बंद केला. एका बाजूला जमीनदार म्हणाले, इथं आमच्या शिकारीचे पक्षी आहेत. दुसऱ्या बाजूला पाणीखाती म्हणाली, हा पाणलोट आहे, इथं माणूस फिरला तर पाणी नासेल. आठवडाभर गिरणीत धूर खाणाऱ्या कामगाराला रविवारी डोळ्यांसमोर मोकळा डोंगर दिसायचा आणि पाय टाकायला मनाई.

२४ एप्रिल १९३२ ला सुमारे चारशे तरुण हेफील्ड गावाजवळून निघाले, किंडर जलाशयाच्या कडेनं वर चढले आणि किंडर स्काउट नावाच्या पठारावर मनाई मोडून गेले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय वर्षं वीस. राखणदारांशी झटापट झाली, पोलिसांनी पकडलं, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. फिरायला गेले म्हणून तुरुंग! पण त्यानंतर वारं फिरलं. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या प्रदेशात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये त्याच भागात पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. पाणी गाळण्याची, क्लोरीन घालण्याची सोय सुधारली तसा पाणीखात्यांचाही विरोध मावळला. आज त्या जलाशयांच्या काठानं माणसं मैलोन्मैल चालतात. पोहायला मात्र बहुतेक ठिकाणी अजून मनाई आहे.

हे ऐकताना तुमच्यापैकी काहींच्या मनात दुसरी एक तारीख आली असेल. माझ्याही आली. २० मार्च १९२७, महाड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. विलायतेतल्या त्या मोर्चाच्या पाच वर्षं आधी. दोन्हीकडे माणसं पाण्याकडे चालत गेली, पण दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नका. तिकडे प्रश्न सुटीच्या दिवसाचा होता, इकडे माणूसपणाचा. तिकडे सांगत होते की तुझ्या पायानं पाणी घाण होईल, आणि त्यामागं रोगजंतूंचं काहीतरी शास्त्र होतं. इकडेही सांगत होते की तुझ्या हातानं पाणी विटाळेल, आणि त्यामागं शास्त्र नव्हतं, "शास्त्र" होतं. सरकारी ठराव होऊन चार वर्षं झाली होती, तळं सगळ्यांना खुलं होतं, कागदावर. पुढे कोर्टात ते प्रकरण दहा वर्षं चाललं आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागला. आपण आज तलावाच्या काठी बिनघोर जाऊन बसतो, त्या बसण्यालाही हा इतिहास आहे. ज्याला पाण्याला हात लावायची बंदी होती त्याच्यासाठी "काठावरची रम्य संध्याकाळ" नव्हतीच. म्हणून जुन्या तळ्यांच्या आठवणी सांगताना "सगळं गाव तिथं जमायचं" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, सगळं म्हणजे कोण कोण?

आता परत माळावर येऊ. कारण आपल्या सहलींचं सगळ्यांत मोठं पाणी अजून यायचंय, आणि ते दुष्काळातून आलं.

१९७२. इथं बसलेल्या साठीच्या पुढच्या माणसांना तारीख सांगायची गरज नाही. पाऊस गेला, पीक गेलं, गुरं गेली. सरकारनं कामं काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरची माणसं जवळजवळ ५० लाखांवर पोचली होती. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली, आणि तिचा कायदा १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. कामं कोणती? खडी फोडणं, रस्ते, बांधबंदिस्ती, आणि पाझर तलाव. सकाळी हजेरीपटावर नाव, हातात टिकाव-फावडं, डोक्यावर घमेलं, दुपारी सुकडी. मुकादमानं खड्डा मोजायचा, त्यावर मजुरी. आपल्या जिल्ह्याच्या माळांवर जे छोटे छोटे तलाव दिसतात त्यातले कितीतरी या कामांतले. त्या वेळी जालना हा वेगळा जिल्हाही नव्हता, तो झाला १९८१ च्या १ मे रोजी.

माझ्या आईनं अशा एका तलावावर काम केलं. मी लहान होतो, झाडाच्या सावलीत धाकट्या बहिणीला सांभाळत बसायचो. तलावाचं नाव सांगत नाही, गाव लहान आहे. काही वर्षांपूर्वी नातवंडं हट्ट धरून बसली, तलावावर जाऊ. भरला होता, भरावावर भजी आणि मक्याची कणसं विकणारे आले होते, पोरं फोटो काढत होती. आईला भरावावर हात धरून चढवलं. ती सांडव्याच्या बाजूला बोट दाखवून म्हणाली, "तिथून इथवर आमची टोळी होती." एवढंच. मग नातवानं तिला कणीस दिलं, ते तिनं खाल्लं. परत येताना गाडीत मात्र म्हणाली, "बसायला बरं झालंय की." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, मी शोधला. उलट तिला बरंच वाटलं होतं. माणसं येऊन बसतात म्हणजे काम फुकट गेलं नाही, असा तिचा हिशेब असावा.

पण पाझर तलावाचा एक हिशेब आपल्याला माहीत पाहिजे, तो फिरायला जाणाऱ्याला सहसा माहीत नसतो. पाझर तलावाला कालवा नसतो. त्याचं पाणी दिसण्यासाठी नसतंच, ते जमिनीत मुरण्यासाठी असतं, म्हणजे खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतो. चांगला पाझर तलाव लवकर रिकामा व्हायला हवा! दर पावसाळ्यात पाण्याबरोबर गाळ येतो, तो तळाला बसतो, मुरमाची छिद्रं बुजतात. मग मुरणं मंदावतं, पाणी वरच राहतं आणि उन्हानं उडून जातं. आपण म्हणतो, वा, यंदा तलावात बराच काळ पाणी टिकलं! खाली विहिरीवाला म्हणतो, मोटर चालेना. एकच तलाव, काठावरच्याला सुंदर दिसतो तेव्हा कदाचित आजारी असतो. मला हे एका शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून समजावलं. त्याआधी मी तीस वर्षं इतिहास शिकवत होतो आणि पाझर तलावाला "लहान धरण" म्हणत होतो.

नाथसागराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये धरण पुरं, १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य. शंभरच्या आसपास गावांना पाण्यासाठी उठावं लागलं. धरणाच्या खाली पैठणला ज्ञानेश्वर उद्यान झालं आणि मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांची शालेय सहल तिथं गेली, रंगीत कारंजी बघायला. दुष्काळात पाणी उतरलं की जुन्या वस्त्यांच्या खुणा वर येतात. इंग्लंडात लेडीबोअर जलाशयात असंच बुडालेलं गाव आहे, पाणी आटलं की ते बघायला तिकडेही गर्दी होते. उठून गेलेल्यांना ती गर्दी बघून काय वाटत असेल, हे दोन्हीकडे कोणी विचारलेलं मला दिसलं नाही.

आता मुंबईची एक जोडी सांगतो, मग घाणेवाडीवर येऊन थांबतो. विहार तलाव १८६० चा, मुंबईला नळानं पाणी दिलं ते पहिल्यांदा त्यानं. त्याच्या शेजारी पवई, १८९० च्या सुमाराचा. पवईचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही. विहार पिण्यासाठी राखला, तिथं आज सर्वसामान्य माणसाला जाता येत नाही. पवई फिरायला मोकळा राहिला. फरक डोळ्यांनी बघून या. विहारभोवती जंगल उभं आहे. पवईत सांडपाणी, जलपर्णी, आणि काठाचा एकेक फूट कोणाला ना कोणाला हवा. महापालिकेनं काठावर सायकल ट्रॅक करायला घेतला, तो २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवला. म्हणजे प्यायचं तळं कुलूपबंद आणि फिरायचं तळं बेवारस. आमच्याकडे मोती तलावाची कहाणी याच वाटेनं गेली. इंग्लंडात लोकांनी पहिल्या बाजूशी भांडून कुलूप काढलं, पण ते पाणी पिणं त्यांनी सोडलं नाही. तो धडा मला आपल्यासाठी महत्त्वाचा वाटतो.

कारण घाणेवाडी आज त्याच फाट्यावर उभी आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जलाशय कोरडा पडला, शहर टँकरवर आलं. पुढे जायकवाडीचं पाणी नळानं जालन्याला आलं. ते यायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण लांबून, विजेच्या खर्चानं पाणी येऊ लागलं की जवळचं, उतारानं येणारं पाणी डोळ्याआड होतं. जमशेदखानाच्या नळांचं असंच झालं असेल. घाणेवाडीचं तसं झालं नाही, निदान अजून नाही, त्याचं श्रेय याच शहरातल्या नागरिकांना आहे. घाणेवाडी जल संरक्षण मंचानं लोकवर्गणीतून गाळ काढायला घेतला, शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टर-ट्रकांनी आपल्या शेतात नेला, मुरमाड जमिनीवर पसरला. जलाशय खोल झाला आणि माळावर काळी माती आली. कुंडलिकेवर शिरपूरच्या धर्तीवर बंधारेही झाले. माझा अंदाज असा की त्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी घाणेवाडीला डबा खाल्लेला असणार. ज्यानं ते पाणी कधी पाहिलंच नाही तो गाळासाठी वर्गणी कशाला देईल?

म्हणून "तिथं कोणी जाऊच नये" असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कुलूप लावलं की पहारा एकट्या चौकीदाराच्या गळ्यात पडतो आणि त्याचा पगारही वेळेवर होत नाही. पण "पर्यटनस्थळ करा, बोटी आणा, दिवे लावा, हॉटेल काढा" ही मागणी अधूनमधून होते तेव्हाही माझ्या पोटात गोळा येतो. बोट आली की जेटी येते, जेटीमागून गाड्यांचा तळ, मग टपऱ्या, मग प्लास्टिक. पिण्याच्या पाण्याचा तलाव फिरायचा तलाव कसा होतो, ते मोती तलावानं दाखवलेलं आहे. मला विचाराल तर घाणेवाडीला पायवाट असावी, सावलीची झाडं असावीत, कचऱ्याचा डबा आणि तो उचलणारा माणूस असावा. आणि भरावाजवळ मोठ्या आकड्यांची पाणीपातळीची पट्टी असावी, शेजारी आज शहराला किती दिवसांचं पाणी आहे ते लिहिणारा फळा. मुलांनी पक्षी बघावेत. हिवाळ्यात चक्रवाक येतात, वारकरी नावाचा काळा पक्षी येतो, टिबुकल्या तर बारा महिने असतात. आणि मग त्या पट्टीवरचा आकडा वाचून घरी आईला सांगावा. एवढं झालं की सहल झाली.

मघाशी ज्यांनी मला दारात अडवलं ते मागं बसलेत, हसताहेत. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठी सांगतो, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही काही जण याच सभागृहाच्या दारातून घाणेवाडीला निघणार आहोत. चालत. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी गाडीनं परस्पर भरावावर यावं. डबा आपापला, पाण्याची बाटली घरून भरून आणायची, आणि पाण्यात कोणी उतरायचं नाही. आता प्रश्न असतील तर घेऊ.